दुसऱ्या सहीचा रकाना

इथले भुताखेताचे अनुभव मी वाचते ते फावल्या वेळात, आणि खरं सांगू का, बरेचदा हसत वाचते. रागावू नका. आमच्या घरात अंगात येणं, उतारा टाकणं, लिंबू-मिरची बांधणं असलं काही कधी चाललंच नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्याच दिवशी घरातले देव नदीत सोडले आणि भीतीही तिथंच सोडली, असं वडील सांगायचे. मग मी नर्सिंगला गेले. बावीस वर्षांत किती मयतांचे डोळे या हातांनी मिटले त्याचा हिशोब नाही. कोणी उठून बसलं नाही, कोणी मागं आलं नाही. मेलेला माणूस कोणाचं काही वाकडं करत नाही, जे करतात ते जिवंत असतात हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

तरी लिहायला बसले आहे... कारण यात मेलेलं कोणी नाहीच. हीच तर माझी अडचण आहे.

वर्ध्याला लागून सिंदी मेघे आहे. (सिंदी रेल्वे नव्हे, ते तिकडे सेलू तालुक्यात.) तिथं एका कॉलनीत दुमजली बंगला घेऊन म्हाताऱ्या माणसांचं केअर सेंटर काढलेलं आहे. नाव सांगत नाही. बाहेर बोर्डावर लिहिलं आहे, ‘चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका.’ वरच्या मजल्यावर चालते-फिरते बारा जण. खाली हॉलमध्ये अकरा पलंग, आणि ते अकराही जण पडून. कोणाला लकवा, कोणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कोणाला काहीच कळत नाही. मुलं पुण्याला, बंगलोरला, दोघा-तिघांची अमेरिकेत. रविवारी व्हिडिओ कॉलवर आई दिसली, तिनं हात हलवला की त्यांचं झालं.

कागदावर आम्ही पाच सिस्टर होतो. प्रत्यक्षात दिवसा मी आणि पुष्पाताई, रात्री एक. आणि एक मावशी — झाडू, लादी, डायपर, कपडे, जेवणाची ताटं सगळं तिच्याच डोक्यावर. तेवीस जीव आणि दिवसाचे सहा हात. मालकांना आम्ही ‘सर’ म्हणायचो. ते डॉक्टर नाहीत, पण सर आहेत.

आता एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. जो माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही त्याला दर दोन तासांनी पलटवावं लागतं. डावी कूस, पाठ, उजवी कूस. नाहीतर कंबरेखाली, टाचेला कातडी लाल होते, मग फोड येतो, मग ती जागा सडते आणि हाडापर्यंत भोक पडतं. त्याला बेडसोर म्हणतात. यावर औषध एकच, पलटवणं. आणि ते एकट्या बाईचं काम नाही. एकीनं खांदा धरायचा, एकीनं कंबर. म्हणून प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी एक चार्ट लटकवलेला असायचा. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा, असे दिवसपाळीच्या वेळांचे रकाने, आणि प्रत्येक वेळेसमोर दोन सह्या. पहिली पलटवणारीची, दुसरी हात लावणारीची. पहिली सही माझी, दुसरी पुष्पाताईची.

पुष्पाताई अल्लीपूरची. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी, रोज एसटीनं जाणं-येणं. काम करताना तोंड सारखं चालू. “चला आजी, एक, दोन, तीन... उचल! झालं बापा, झालं. मरत नाई एवढ्यानं.” तिची एक पद्धत होती. पेशंट कुशीवर आला की पाठीमागं जुन्या लुगड्याची गुंडाळी लावायची आणि तिची दोन्ही टोकं आत खोचून टाकायची. घोट्याखाली छोटी घडी, म्हणजे टाच अधांतरी राहते. आणि शेवटी चादरीवरून तळहात फिरवायचा, एकही सुरकुती नको. मी तिच्याकडूनच शिकले, पण मला ती टोकं तशी खोचायला कधी जमली नाहीत. माझी गुंडाळी तासाभरात सुटायची आणि ती मला चिडवायची.

गेल्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर एका बाबांची शुगर एकदम उतरली. मी वर पळाले. खाली चार नंबरला जाडजूड गृहस्थ होते, त्यांनी बिछाना ओला केला होता. पुष्पाताई किती वेळ थांबणार? एकटीनंच उचलायला गेली. कंबरेतून आवाज आला म्हणे. मी खाली आले तर ती पलंगाच्या दांडीला धरून अर्धी वाकलेली, आणि तोंडानं म्हणत होती, “पयले त्यांची चादर बदल.” मणक्याची गादी सरकली होती. डॉक्टरांनी सांगितलं, सक्त आराम, वजन अजिबात उचलायचं नाही.

सरांनी फळं पाठवली. आणि तिची जागा तशीच ठेवली. रिकामी.

“पेपरात जाहिरात देतो ना सिस्टर, थोडं ॲडजस्ट करा,” म्हणाले. मी ॲडजस्ट केलं. म्हणजे काय केलं, ते ऐका. अकरा पलंग, दिवसातून सहा वेळा. सहासष्ट वेळा माणूस पलटवायचा, त्यात वरच्यांची औषधं, नळीनं फीडिंग, इन्सुलिन, नातेवाइकांचे फोन. मावशीला घेऊन सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा सगळे पलटवले की मी धन्य. मधल्या वेळांचे रकाने मी सकाळी आठलाच भरून टाकायची. दोन पेन वापरायची, एक निळा, एक काळा, म्हणजे वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखं दिसतं. तुम्हाला वाचून घाण वाटली असेल. वाटू द्या. माझ्या ओळखीतल्या निम्म्या सिस्टर हेच करतात, आणि उरलेल्या सांगत नाहीत.

दुसऱ्या सहीचा रकाना मात्र मी कोरा ठेवायची. एवढी एक लाज शिल्लक होती.

दिवाळीनंतर सरांना कळलं की तपासणीला कोणीतरी येणार. त्यांनी चार्ट चाळले. “हे कोरं बरं नाही दिसत, सिस्टर. पुष्पा सिस्टर रजेवर आहेत, सोडून थोड्याच गेल्या? रेकॉर्डला आहेत त्या. टाका त्यांचीच सही.”

टाकली. ‘पु’ आणि खाली एक रेघ, तिची सही काढायला काय लागतं? अकरा चार्ट, प्रत्येकी सहा. हात भराभर चालला.

आता तीन नंबरच्या आजींबद्दल सांगते. लीलाआजी. सिंदी रेल्वेला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आयुष्यभर कानाला हेडफोन लावून लोकांचे कॉल जोडले. खुब्याचं हाड मोडलं, हार्ट कमजोर म्हणून ऑपरेशन झालं नाही, त्या पडून राहिल्या त्या राहिल्याच. कंबरेखालचा भाग कामाचा नाही, पण डोकं? माझ्यापेक्षा तल्लख. कोण केव्हा आलं, कोणी कोणती गोळी दिली, सगळं मिनिटासकट सांगायच्या. अंगानंही भारी होत्या. पुष्पाताई गेल्यापासून त्यांच्या माकडहाडावर लाल चट्टा आला होता आणि मी तो रोज बघत होते... नुसती बघत होते.

सह्या टाकायला लागून तिसरा दिवस. मंगळवार होता. दुपारी दीड ते साडेतीन मी वर अडकले होते, एका बाईंची फीडिंगची नळी निघाली होती. खाली आले. आजींना मी सकाळी पाठीवर ठेवून गेले होते. आता त्या डाव्या कुशीवर होत्या.

चार्टवर दोनच्या रकान्यात मी सकाळीच लिहिलं होतं — डावी.

मला वाटलं, मावशीनं केलं असेल. पण गुंडाळीची दोन्ही टोकं आत खोचलेली. घोट्याखाली घडी. चादरीवर एक सुरकुती नाही.

“आजी, कोणी पलटवलं तुम्हाला?”

“पुष्पा येऊन गेली ना दोन वाजता,” आजी म्हणाल्या. “तुले भेटली नाई का? घाईत होती वाटते. बोललीच नाई आज. काऊन वं, रागावली का?”

मी मावशीला विचारलं. ती मागं कपडे धूत होती. “मी कायले हात लावू सिस्टर? अकेलीनं उचलते का ते आजी मायाच्यानं?” खरंच होतं. ती चाळीस किलोचीही नव्हती.

बाकीचे दहा पलंग बघितले. दहाही जण चार्टप्रमाणे. टोकं खोचलेली.

आता तुम्ही म्हणाल, कॅमेरे होते का? होते ना. दोन. एक गेटवर, एक ऑफिसच्या कपाटावर. पेशंटवर कॅमेरा कोण लावतो? पेशंट कुठं चोरी करून पळणार आहेत!

मी शिकलेली बाई. मी परीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी पाच पलंगांच्या चार्टवर पुष्पाताईची सही टाकली, सहा कोरे सोडले. दुपारी पाचच जण पलटलेले. तिसऱ्या दिवशी पलंग बदलले. पुन्हा तेच. सही असेल तिथं काम झालेलं, नसेल तिथं माणूस सकाळपासून तसाच. एक दिवस मी आजींच्या शेजारी स्टूल टाकून बसले. दोन वाजले, सव्वादोन वाजले, काही नाही. मी मनात म्हटलं, सुनंदा, तुझं डोकं फिरलं आहे, बाकी काही नाही. तेवढ्यात वरून घंटी वाजली, पाच मिनिटं गेले असेन. परत आले तर आजी डाव्या कुशीवर आणि तळहात फिरवलेली चादर.

“दिसली का तुम्हाला?” मी विचारलं.

“पाठीमागून धरते ना ते. मले कशी दिसन? हात वळखतो मी तिचा.”

भीती वाटली का? एक आठवडा वाटली. मग जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. बरं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी डबा बसून खाल्ला. सकाळी आल्या आल्या ‘पु’ आणि रेघ, सहासष्ट वेळा, आणि दिवस मोकळा. आजींचा चट्टा गुलाबी झाला, मग गेला. आठ नंबरची जुनी जखम भरत आली. तपासणीवाले आले, पलटवून पलटवून पाहिलं, एकाच्याही अंगावर बेडसोर नाही. जाताना सरांची पाठ थोपटून गेले.

सरांनी मला ऑफिसात बोलावून चहा पाजला. “बघा सिस्टर, मी म्हणत होतो ना? मनात असलं की एका माणसावर चालतं. उगाच माणसं वाढवून काय करायचं?” जाहिरात द्यायचं त्यांनी रद्द केलं. माझ्यासमोर फोन करून रद्द केलं. आणि मी चहा पीत बसले होते.

फेब्रुवारीत एका रविवारी मी अल्लीपूरला गेले. इतके दिवस का गेले नाही, विचारू नका. तिची सही रोज सहासष्ट वेळा करायची आणि तिच्या घरी जायला मला सवड नव्हती.

पुष्पाताई ओळखू येत नव्हती. पाच-सहा महिने बिछान्यावर पडलेली बाई जरा भरायला पाहिजे की नाही? ती वाळून काटकुळी झाली होती. दोन्ही खांदे सुजलेले. मनगटांना पट्ट्या. तळहात तर... कोणी रोज शेतात खुरपणी करतं तसे घट्टे पडलेले.

सून म्हणाली, “ताई, आम्ही तर हिले ग्लास उचलू देत नाई. काय करावं समजतच नाई. डॉक्टर म्हणते, हे आराम करूनच नाई राह्यली, चोरून काम करते. आता असंच चाललं तर उजवा पाय जाईन म्हणते. अन् ही तर उठतच नाई! दिवसा झोप लागते अन् झोपेत बडबडते. दहा वाजता, बारा वाजता, दोनले... एक, दोन, तीन, उचल.”

सून चहा टाकायला आत गेली. मी पुष्पाताईच्या उशाशी बसले. तिनं माझा हात धरला.

“काय सांगू सुनंदा, सपनंच पडते. दिवसाढवळ्या. आपला हॉल दिसते. मी आपली एकेक पलंग घेत जातो. एक झाला, दोन झाला... अकरा होतपर्यंत पुन्हा पयल्याची वेळ होते. सरतच नाई वं ते.”

मी तिच्या मनगटाची सुटलेली पट्टी नीट करत होते.

“अन् तू कुठं राहतं? दरवेळेस मी हाक मारतो, सुनंदा, हात लाव. तू येतच नाई. एकटीच उचलतो मी.”

मग ती म्हणाली, “आजीचा पलंग खिडकीजवळ काऊन नेला? तिथं ऊन येते ना तिच्या तोंडावर.”

आजींचा पलंग मी जानेवारीत खिडकीजवळ हलवला होता. पुष्पाताई पावसाळ्यापासून अल्लीपूरच्या बाहेर पडली नव्हती. फोनवर मी तिला सांगितलं नव्हतं, कारण मी फोनच केला नव्हता.

चहा न पिताच उठले. परतीच्या बसमध्ये मी रडले नाही. मला राग आला होता, आणि तो राग कोणावर काढायचा हेच समजत नव्हतं. कंबर मोडून घरी पडलेल्या बाईकडूनही आम्ही काम करून घेत होतो! आधी दोघींचं काम होतं, आता ती एकटी करत होती. आणि मुकादम मी.

सोमवारी सकाळी पेन हातात घेतला आणि सही होईना. आजींपाशी जाऊन बसले. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. सगळं सांगितलं. आजींनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

“मग?” त्या म्हणाल्या. “आता सही नाई करणार तू?”

“काय करू, तुम्हीच सांगा आजी.”

“मले नको विचारू.” आजी म्हणाल्या. “मी तर म्हणन, कर. मले दुखते सुनंदा. तुले काय माहीत कसं दुखते ते. मले विचारशीन तर मी कर म्हणन, म्हणून मले विचारूच नको.”

त्यांना माझ्याकडे पाठ करायची होती. करता येत नव्हती. शेवटी मीच उठून दुसरीकडे गेले.

मग सरांकडे गेले. म्हटलं, दोन सिस्टर पाहिजेत, आजच्या आज. एकटीनं होत नाही. “कसं होत नाही?” ते म्हणाले. त्यांनी कपाटातून चार्टची फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. “होतंय की. हे बघा. दोन वाजता डावी, चारला पाठ. तुमच्याच सह्या आहेत ना या? का खोट्या आहेत?”

आता सांगा. खोट्या आहेत म्हटलं तर माझं रजिस्ट्रेशन जातं. खऱ्या आहेत म्हटलं तर माणूस कशाला पाहिजे? मी स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा आवळून ठेवला होता. म्हटलं, “पुष्पाताईची सही मी करते, तुमच्या सांगण्यावरून.” तर म्हणाले, “मी कधी सांगितलं? लिहून दिलं का?” आणि हसले. मला आजही ते हसू आठवलं की हात शिवशिवतात.

त्या दिवसापासून मी दुसरी सही बंद केली. पहिलीही, जिथं खरंच पलटवलं तिथंच. मी आणि मावशी जीव तोडून करायचो. दुपारपर्यंत सहा पलंग व्हायचे, कधी सात. हलक्या अंगाचे आधी घ्यायचो, कारण ते लवकर होतात. आजी भारी. आजींचा नंबर शेवटी लागायचा, आणि बहुतेक दिवशी लागायचाच नाही. हे मी ठरवून केलं नाही असं म्हणायची सोय नाही मला. रोज सकाळी कोणाला आधी घ्यायचं ते मीच ठरवत होते.

चौथ्या दिवशी चट्टा. आठव्या दिवशी फोड. हवेची गादी होती, तिचा पंप दोन वर्षांपासून बंद. सरांना सांगितलं, ते बघतो म्हणाले. दोन आठवड्यांत बोट जाईल एवढी जखम. मी ड्रेसिंग करायची तेव्हा आजी ओठ चावून पडून राहायच्या, एकदाही म्हणाल्या नाहीत की सही कर. एकदा म्हणाल्या असत्या तर मी केली असती. खरंच केली असती. ताप चढला तेव्हा त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. पुण्याहून मुलगा आला. भला माणूस. त्यानं चार्ट मागितला आणि कोऱ्या रकान्यांवर बोट ठेवून मला विचारलं, “सिस्टर, इथं सही का नाही?”

“कारण इथं माणूस नव्हता,” मी म्हटलं.

त्याला ते उद्धट वाटलं असणार. सर बाजूलाच उभे होते. त्यांनी जुने चार्ट काढून दाखवले, सहासष्टच्या सहासष्ट भरलेले. “बघा साहेब, आमच्याकडे काम असं चालतं. या सिस्टरांनीच मागच्या महिन्यापासून हलगर्जी केली.” कागदावर तेच दिसत होतं. खोटे होते तोवरचे चार्ट बिनचूक, आणि खरे लिहिले ते माझ्याविरुद्ध पुरावा. त्याच दिवशी मला काढलं. आजी सहाव्या दिवशी गेल्या. रक्तात विष पसरलं होतं. अंत्यविधीला मी गेले नाही, कोणत्या तोंडानं जाणार?

आता खाली कॉमेंटमध्ये तुम्ही काय लिहाल ते मला आत्ताच माहीत आहे. मावशीच करत असेल. तिच्यानं होत नव्हतं, सांगितलं. मग मीच करत असेन, थकव्यात आठवत नसेल. यावर मी खूप विचार केला आहे. पण मग ती खोचलेली टोकं? मला ती आजही जमत नाहीत, घरी उशीला लुगडं गुंडाळून करून पाहिलं. आणि पुष्पाताईचे घट्टे? खिडकी? एका ओळखीच्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, अपराधी भावनेतून माणूस असं जोडत जातो. जोडत असेल. अपराधी तर मी आहेच. पण अकरा माणसांच्या पाठी तीन महिने कशा साफ राहिल्या, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मला भूत मानायचं नाही. आणि भूत म्हणू तरी कोणाला? ती बाई जिवंत आहे.

तिच्याकडे गेल्या आठवड्यात जाऊन आले. उजवा पाय वाचला. दारापर्यंत काठी न घेता आली मला घ्यायला. खांद्यांची सूज उतरली आहे, अंगावर थोडं मांसही चढलं. स्वतः उठून मला पाणी दिलं, सून ओरडली तिच्यावर.

“आता सपन नाई पडत वं,” ती म्हणाली. “तू मागं येऊन गेलती ना, दुसऱ्या दिवसापासूनच बंद. मी म्हटलं, चला, नवीन पोट्टी ठेवली असन सरांनी. ठेवली ना?”

“हो,” मी म्हटलं.

“हात चांगला आहे का तिचा?”

“चांगला आहे.”

“बरं झालं बापा. अन् आजी? नीट पलटवते ना आजीले?”

“हो ताई,” मी म्हटलं. “दर दोन तासांनी.”